दार लावण्याआधी

प्रिय बाबा, आणि हे पत्र बाबांना वाचून दाखवणारी ताई,

ताई, आधी तुलाच सांगतो. वाचताना मधेच थांबून माझ्या वतीने बाबांना समजावत बसू नकोस. लिहिलंय तेवढंच वाच आणि हळू वाच. बाबा, तुम्ही डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल. मी हे आधी कच्चं लिहिलं होतं, आता नीट उतरवून काढतोय. शाळा आठवीत सुटली, पण रंगाच्या कामावरून दमून आल्यावरही तुम्ही मला शुद्धलेखन घालायचात, ते हातात राहिलं आहे. चूक सापडलीच तर ती घाईची समजा.

ताईचं पत्र मिळालं. डॉक्टर काय म्हणाले ते तिने आडवळण न घेता लिहिलं, हे बरं केलं. आता फार दिवस नाहीत. तुम्ही न्हाणीघरात घसरलात, कपाळाला खोक पडली, तरी तिला नाही, भाऊजींना नाही, कुणालाच अंगाला हात लावू देत नाही, आतून कडी लावून एकटेच आंघोळ करता, हेही कळलं. पुढचं सगळं तुम्ही ठरवून ठेवलंय म्हणे. तोंडावर घालायचा पांढरा कपडा घडी करून उशाशी ठेवलाय. चुन्याचं पोतं आणवून घेतलंय आणि नंतर खोलीला त्याचा हात मीच द्यायचा, असा निरोप आहे. बाबा, मी येतोय. रजेचा अर्ज दिला आहे. पण यायच्या आधी मला तुम्हाला एक विचारायचं आहे आणि ते समोर उभं राहून माझ्याच्याने होणार नाही. तुमच्यापुढे माझी जीभ कशी टाळ्याला चिकटते ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हा कागद.

तुम्हाला वाटतं मी दवाखान्यात कामाला आहे. तसं ते अगदीच चूक नाही. ही जागा म्हणजे ज्यांना घरी सांभाळणं जमत नाही अशा आजारी म्हाताऱ्यांचं घर आहे. दोन मजले, लांब व्हरांडा, प्रत्येक खोलीत दोन खाटा, आणि सगळीकडे फिनेल आणि उकळलेल्या दुधाचा मिळून एक वास. मी त्यांना उठवतो, बसवतो, भरवतो, आंघोळ घालतो, अंथरुणं बदलतो. माझे हात साबणाने फाटले आहेत आणि कंबर उभ्याने दुखते, वाकून दुखते, फक्त झोपल्यावर दुखत नाही. हे पत्र मी कपड्यांच्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या ढिगाला टेबल करून लिहितोय. दुपारी सगळे म्हातारे जेवून पेंगत असतात तेवढाच वेळ माझा.

आमच्या कामाची मुख्य एक बाई आहे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज असा की बहिरेसुद्धा दचकतात. सगळे तिला हवालदारीणबाई म्हणतात, तेही तोंडावर, आणि ती ओ देते. मी मावशी म्हणतो. पहिल्या दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "तू काम करायला आलायस की भरती व्हायला?" मी तेव्हा फार वाळलेला होतो. तिने मला सगळं शिकवलं. खाटेवरच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, चादर त्याच्या खालून कशी काढायची, चिडक्या म्हाताऱ्याला घास कसा खपवायचा. एक गोष्ट तेवढी तिने शिकवली नाही, कारण ती मला येत नसेल असं तिच्या डोक्यातच आलं नाही.

माणूस गेल्यावर काय करायचं, ते मला आपल्या घरात शिकवलं होतं. श्वास थांबला की माणूस संपला. खाटेवर आहे तो कुणीच नाही. तोंड झाकायचं, खिडकी उघडायची, बाहेर येऊन दार लावायचं. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, रडायचं तर लांब जाऊन. कारण तो निघालेला असतो आणि आपण धरलं, बोलावलं, तर त्याचा पाय अडतो. मग गाडीवाले येणार, ते नेणार, आणि त्याच दिवशी खोलीला चुना. हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. पण इथे मला ते इतक्यांदा परक्या माणसांना समजावून सांगावं लागलं की आता ते मला शब्दांत मांडता येतं. आपल्या घरात ते कुणी मांडलं नव्हतं. नुसतं केलं जायचं.

वरच्या मजल्यावर एक ट्रकवाले आजोबा होते. जन्मभर ट्रक चालवला. मला ते क्लीनर म्हणायचे. त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवताना मी मागून धरायचो आणि ते हात हलवत ओरडायचे, "क्लीनर, मागं बघ! येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" मग खुर्चीत टेकून म्हणायचे, "घासलं नाही ना कुठं?" त्यांची मुलगी टपाल कचेरीत कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत ती रोज डबा घेऊन यायची, कारण इथला भात त्यांना गिळवत नसे.

ते गेले तेव्हा खोलीत मी एकटा होतो. मावशी खाली जेवायला बसली होती. आजोबांनी एक श्वास घेतला आणि मी पुढच्याची वाट बघत राहिलो, तो आला नाही. बाबा, माझे हात आपोआप हलले. फोनवरून डॉक्टरांना कळवलं. चादर वर ओढून तोंड झाकलं. खिडकी उघडली. बाहेर आलो, दार लावलं आणि पाठ लावून दारापाशी उभा राहिलो, तुम्ही उभे राहायचात तसाच. मला भीती वाटत होती, पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटत होतं. एवढ्या मोठ्या घरात एक तरी काम मला कुणी न सांगता बिनचूक आलं होतं.

तेवढ्यात त्यांची मुलगी डबा घेऊन जिना चढून आली. मी सांगितलं, आजोबा गेले. ती डबा तसाच हातात धरून दाराकडे आली, आणि मी बाजूला झालो नाही. मी म्हणालो, "बाई, आत नका जाऊ. जाऊ द्या त्यांना." तिला काही उमगेना. "अरे, माझे वडील आहेत ते. सरक." मी सरकलो नाही. मी हात जोडले, पण सरकलो नाही. मग ती ओरडली, "काय केलंस तू त्यांना? काय लपवतोयस आत?" डबा खाली पडला, झाकण व्हरांड्याच्या टोकापर्यंत गडगडत गेलं. खोल्याखोल्यांतून म्हातारे डोकावायला लागले. मला वाटत होतं मी तिच्या वडिलांची राखण करतोय, आणि तिला वाटत होतं मी चोर आहे.

मावशी उष्ट्या हातानेच वर आली. तिने मला काही विचारलं नाही, खांद्याने ढकललं आणि दार उघडलं. आत जाऊन पहिल्यांदा तोंडावरची चादर काढली आणि चारचौघांत बोलावं अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, आले हं मी. पोरगं नवीन आहे, घाबरलं, म्हणून दार लावलंन. रागावू नका. आणि ही बघा कोण आलीय." मी दारातच राहिलो. गेलेल्या माणसाशी कुणी बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिने हात धुतले, पाणी मागवलं, आणि दोघींनी मिळून त्यांना धुतलं. प्रत्येक गोष्ट आधी सांगून. आता तोंड पुसते हं. आता उजवा हात. कुशीवर वळवायची वेळ आली आणि मुलीला ते पेलेना, तेव्हा मावशीने न बघताच मला हाक मारली, "ए राखणदार, इकडे ये, पाय धर." मी पाय धरले, बाबा. गार होते. मुलगी त्यांच्या कानाशी वाकून म्हणत होती, "येऊ द्या बाबा, येऊ द्या, येऊ द्या... बस." आणि रडतारडता हसली. मला सारखं वाटत होतं, आपण सगळे मिळून या म्हाताऱ्याची वाट अडवतोय.

तिने तक्रार केली. माझी नोकरी गेल्यात जमा होती. संध्याकाळी मावशीने मला याच कपड्यांच्या खोलीत आणलं, एका गाठोड्यावर बसली आणि म्हणाली, "आता बोल. काय चाललं होतं तुझं?" मी सगळं सांगितलं, अडखळत, क्रम चुकत. ती ऐकताऐकता एका चादरीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तू त्याला वाट मोकळी करून देत होतास?" मी हो म्हणालो. "अरे गाढवा, मग हे तिला सांगायचं ना!" मी म्हणालो, आमच्यात हे बोलत नाहीत. ती म्हणाली, "आणि आमच्यात बोलल्याशिवाय राहत नाहीत." तिच्या लोकांचं म्हणणं असं की श्वास थांबला तरी माणसाला ते लगेच कळत नाही. परक्या गावात भर दुपारी झोपेतून जाग यावी तसं होतं. आपण कुठे आहोत, कोणती वेळ आहे, काही सुधरत नाही. अशा वेळी ओळखीचा आवाज लागतो. म्हणून धुवायचं आणि धुताना बोलायचं, म्हणजे तो बावरत नाही. मी विचारलं, त्यांना खरंच ऐकू येतं का? ती उखडली. "मला काय ठाऊक? मी काय जाऊन आलेय?"

दुसऱ्या दिवशी ती वरिष्ठांकडे गेली आणि त्या मुलीकडेही. काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही. मुलगी आजोबांचं सामान न्यायला आली तेव्हा मी पिशवी भरून दिली. तिने विचारलं, "तुमच्यात खरंच असं करतात?" मी मान डोलावली. "तुझ्या आईवडिलांचंही?" मी म्हणालो, आईचं झालं. ती बराच वेळ पिशवीचे बंद बांधत राहिली. जाताना म्हणाली, "त्यांना तू आवडायचास हो." तक्रार तिने मागे घेतली.

तेव्हापासून मी धुतोय, बाबा. ताई, थांबू नकोस, पुढे वाच. हे मी तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्ही मला घरात घ्याल की नाही याची खात्री नव्हती. अजूनही नाही. मला सुरुवातीला बोलताच यायचं नाही. मी नुसतं म्हणायचो, "आता डावा हात उचलत आहे. आता डावा हात खाली ठेवत आहे." मावशी म्हणाली, "हा काय रेल्वेच्या घोषणा करतोय! या आजींना मुलंबाळं होती, शेजारी होते, काहीतरी माणसासारखं बोल." मग हळूहळू जमायला लागलं. खालच्या मांजरीला पिल्लं झाली, आज पाणी उशिरा आलं, तुमच्या शेजारच्या आजी रुसून बसल्यात, असलं काहीबाही. एक मात्र मी सोडलं नाही. धुवायला घेण्याआधी खिडकी उघडतो. थंडीत मावशी कुडकुडते, शिव्या घालते, पण खिडकी लावत नाही. म्हणते, "उघड बाबा तुझी खिडकी. ज्याला जायचं तो जाईल, ज्याला ऐकायचं तो ऐकेल."

तुम्हाला वाटेल पोरगं बदललं, परक्यांचं झालं. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं, की आपल्या घरातलं सगळं चूक होतं. तुमच्यावर राग धरला होता मी. पैसे पाठवायचो पण पत्र लिहीत नव्हतो, ते त्याचमुळे. मग या थंडीत एक गृहस्थ आले. चांगले मोठे, केस पिकलेले, स्वतःला मुलं असलेले. त्यांचे वडील सकाळी गेले आणि ते खाटेजवळून उठेचनात. धुऊन झालं, कपडे घालून झालं, गाडीवाले जिन्यात बसून कंटाळले. हे आपले खाटेचा गज धरून एकच बोलत होते, "बाबा, उठा, घरी जाऊ." पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने, मग परत हळू. बायकोने ओढलं, हलले नाहीत. मावशीला कधी शब्द कमी पडलेले मी बघितले नव्हते, पण तिलाही काही सुचेना. ती बोलायला लावू शकते. थांबवायचं कसं, ते तिच्या रीतीत नाही. तेव्हा मी पुढे झालो. त्यांची बोटं गजावरून एकेक करून सोडवली आणि म्हणालो, "सोडा. त्यांना उशीर होतोय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सोडलं. लहान मुलासारखे माझ्यामागून बाहेर आले.

हे वाक्य तुमचं आहे, बाबा. आईच्या खाटेपाशी तुम्ही माझी बोटं अशीच सोडवली होतीत, करंगळीपासून. तिचा हात अजून गरम होता. तुम्ही म्हणालात, "सोड. तिला उशीर होतोय." मग तोंड झाकलंत, खिडकी उघडलीत, मला बखोटीला धरून बाहेर आणलंत आणि दाराला पाठ लावून उभे राहिलात. मी त्यानंतर कितीतरी वर्षं हाच विचार करायचो की तिला उशीर झाला का. कुठे जायला, कशाला, ते कळत नव्हतं, पण झाला असेल तर माझ्यामुळे, एवढं पक्कं वाटायचं. ताई मला चिडवते ना, कडी लावली की नाही ते हा दहादा जाऊन बघतो म्हणून? ते तेव्हापासूनचं आहे. तुम्ही मला तिच्यापासून तोडलंत असंच मी धरून चाललो होतो. त्या गृहस्थांची बोटं सोडवताना माझ्या लक्षात आलं की हे करायला किती बळ लागतं. तेव्हा माझी बोटं सोडवायला तुम्ही होतात. तुमची कुणी सोडवली?

आणखी एक आठवतं. गाडीवाले तिला घेऊन गेल्यावर तुम्ही चुन्याची बादली घेऊन आत गेलात आणि दार लावलंत. मी बाहेर उंबऱ्यावर बसलो होतो. आतून कुंच्याचा आवाज येत होता, वर, खाली, वर, खाली. आणि मधेमधे तुमचा आवाज. हळू, सारखा, कुणाशी तरी बोलावं तसा. मला तेव्हा वाटलं तुम्ही भिंतीची मापं पुटपुटताय. आता मला तसं वाटत नाही. याचं उत्तर मला नको आहे, बाबा. ताईसमोर तर नकोच.

मी दमलोय. या थंडीत एवढी माणसं गेली की कधीकधी एकाला सांगायची गोष्ट मी चुकून दुसऱ्याला सांगतो. मावशीचं खरं की तुमचं, याचा विचार करत मी चादरींच्या घड्या घालायचो, आता नुसत्या घड्या घालतो. ती म्हणते तसं, जाऊन कुणीच आलेलं नाही. पण तुमची रीत तुमची आहे. तुम्ही जन्मभर ती पाळलीत, आईच्या वेळीही पाळलीत, आणि तुमच्या खाटेपाशी उभा राहून मी ती मोडणार नाही. कपडा घालीन. खिडकी उघडीन. दार लावीन आणि तुम्ही उभे राहायचात तसा उभा राहीन. हात लावणार नाही, हाक मारणार नाही, ताईलाही हाक मारू देणार नाही. चुना मीच देईन, दोन हात देईन, कोपऱ्यांत डाग राहू देणार नाही.

म्हणून आता विचारतो. नंतरचं सगळं तुमच्या म्हणण्याप्रमाणे होणार असेल, तर आधीचे दिवस मला द्या. मी आलो की न्हाणीघराची कडी आतून लावू नका. रोज सकाळी मला तुम्हाला आंघोळ घालू द्या. माझा हात सरावलेला आहे, तुम्ही घसरणार नाही, तुम्हाला लाज वाटेल असं मी काही करणार नाही. धुताना मी बोलेन, कारण आता मला बोलल्याशिवाय हात चालवता येत नाही, पण तुम्ही गप्प राहिलात तरी चालेल. इथे मी ज्यांना शेवटचं धुतलं त्यांच्यापैकी एकानेही मला सांगितलं नाही की पाणी फार गरम आहे, की हात जड पडतोय, की कानामागे साबण राहिलाय. तुम्ही सांगाल. रागावून सांगा, ओरडून सांगा. हो किंवा नाही एवढं ताईकडून लिहून पाठवा. नाही आलं तरी मी येणारच आहे, पण हो आलं तर मिळेल त्या गाडीने निघेन.

तुमचाच आणि, ताई, तुझाही,
धाकटा